सापाला सर्पमित्र, दंशाला दवाखाना

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की वऱ्हाडातील सर्पमित्रांना उसंत मिळत नाही. बिळांत पाणी शिरते, साप कोरड्या जागेच्या शोधात निघतात आणि भिंतीला टेकवून रचलेल्या पऱ्हाट्या-तुराट्या, गोठ्यातील कुटार किंवा न्हाणीघराची मोरी हा त्यांचा आसरा ठरतो. धाकटी मंडळी शेतात वा नोकरीवर गेलेली असतात आणि घरी आपण वडीलधारेच असतो. म्हणूनच हा विषय जितका प्राणिदयेचा, तितकाच आपल्या आरोग्याचा आहे.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या काळातले. योग्य उपचार वेळेवर मिळाले असते, तर यांतील कितीतरी जीव वाचले असते.

घरात साप दिसला तर काठी शोधू नये. त्याला मारायला किंवा पकडायला जाणे म्हणजे दंश ओढवून घेणे होय. मुलांना दूर करावे, स्वतः सुरक्षित अंतरावर थांबून साप कोठे जातो यावर नजर ठेवावी आणि सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. अमरावतीत ‘वसा’सारख्या संस्थांचे कार्यकर्ते केवळ सापच नव्हे, तर जखमी पक्षी आणि भटकी जनावरे यांच्याही मदतीला धावतात. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. त्यामुळे जनावरांवरील तज्ज्ञ उपचारांची सोय जवळच आहे. सापांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. पकडलेल्या सापाची वनविभागाकडे नोंद व्हावी व त्याला योग्य अधिवासात सोडले जावे, हीच रीत. सर्पमित्राला साप हातात धरून दाखवण्याचा आग्रह मात्र कधीही करू नका. त्या हौसेपायी जाणते सर्पमित्रही प्राणास मुकले आहेत.

बहुतेक वेळा घरात निघणारा साप धामण किंवा कवड्या असतो, दोन्ही बिनविषारी. परंतु कवड्या आणि विषारी मण्यार यांत नवख्या डोळ्यांची फसगत होते. आपली दृष्टी अधू झाली असेल, तर ओळखण्याचा प्रयत्नच नको. दंश झालाच, तर तो विषारी मानूनच रुग्णालय गाठावे.

मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला झोपेतच डसते. वेदना नाममात्र, सूज जवळजवळ नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. वृद्धांच्या बाबतीत घरच्यांना हा पक्षाघात वाटू शकतो. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना तर अन्य सापाचा दंशही लगेच जाणवत नाही. घोणसाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

दंशानंतर रुग्णाला धीर द्यावा, चालू देऊ नये. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढावीत आणि दंश झालेला अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा. घट्ट दोरी आवळणे, जखम कापणे, विष चोखणे, मांत्रिकाकडे नेणे, यांत जातो तो मोलाचा वेळ. १०८ वर रुग्णवाहिका मागवावी. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर आपल्याकडे एकच प्रतिविष वापरतात; त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. ते सरकारी रुग्णालयात मिळते, म्हणून प्रथम तिकडेच जावे.

घरात वृद्धांची काळजी घेणाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वी थोडी कामे उरकावीत. पऱ्हाट्यांचा ढीग भिंतीपासून दूर हलवावा. मोरीला जाळी बसवावी. धान्याची पोती फळीवर ठेवावीत, म्हणजे उंदीर व त्यांच्यामागून येणारे साप दोन्ही कमी होतील. आजी-आजोबांना जमिनीवर न निजवता खाटेवर निजवावे, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी. उशाशी बॅटरी असावी आणि रात्री उठताना तिचा उजेड आधी जमिनीवर पडावा, पाय नंतर.

शेतातला उंदीर खाऊन पीक राखणारा हा जीव आपला वैरी नव्हे. त्याला वाट मोकळी राहिली आणि आपण अंतर राखले, तर दोघांचेही प्राण वाचतात. आजच एका कागदावर ठळक अक्षरांत तीन क्रमांक लिहा: १०८, १९२६ आणि आपल्या भागातील सर्पमित्राचा. चष्मा न लावताही वाचता येतील, एवढी अक्षरे मोठी असू द्या.