गरोदर सून आणि घरातला काळा दाणा

गरोदर बाईला यकृताचा कर्करोग होणे फार विरळ. पण झालाच, तर लवकर उमजत नाही. मळमळ, पोट जड होणे, जेवण नकोसे वाटणे, हे सारे 'दिवस गेलेत, होणारच' म्हणून सोडून दिले जाते. या रोगासाठी रक्तात अल्फा फीटोप्रोटीन तपासतात, तेही गरोदरपणात मुळातच वाढलेले असते. म्हणजे डॉक्टरचीही पंचाईत.

मी डॉक्टर नाही, शेतीखात्यातला माणूस. तरी लिहितो, कारण या रोगाचे एक मूळ आपल्या धान्यात आहे. दाणा ओला राहिला की बुरशी येते आणि काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. मका, भुईमुगात ते जास्त, पण ओल्या धानालाही सुटका नाही. धुऊन, शिजवून ते जात नाही. १९७४ साली राजस्थान-गुजरातेत बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. थोडे थोडे वर्षानुवर्षे पोटात गेले तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. त्यात 'ब' प्रकारची कावीळ अंगात असली तर धोका कितीतरी पट.

आपल्याकडे कडपा शेतात पडल्या असताना पाऊस येतो, हे काही नवीन नाही. साकोलीकडच्या एका घरी गेलो होतो. चांगला धान विक्रीला काढलेला, काळपट घरी खायला. सून सात महिन्यांची. सासूबाई म्हणाल्या, "धुऊन घेतो ना जी, काई होत नाई." प्रत्येक काळ्या दाण्यात विष असतेच असे नाही, पण डोळ्याला ते कळत नाही. ढोरांना घातला तर दुधातून परत घरातच येते.

चूक आमचीही आहे. आमच्या सभांना पुरुष येतात आणि धान्य वाळवते, निवडते बाई. दाणा दाताखाली कट्‌कन तुटेपर्यंत वाळवावा, पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवावी, हे तिला कोणी सांगितले? सभा तिच्या अंगणात घ्यायला हवी, आशाताईला सोबत घेऊन. कारण दुसरे काम आशाताईचे आहे: गरोदरपणात 'ब' काविळीची रक्ततपासणी आणि बाळाला जन्मल्यावर २४ तासांच्या आत लस. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते.

त्या सुनेचे कार्ड मी मागून पाहिले. काविळीच्या तपासणीची नोंद त्यात कुठेच नव्हती. आशाताईकडे निरोप दिला आहे. सोमवारी परत जाणार आहे.