चाकामागची ती चकती आधी काढा

किनाऱ्यावर एटीव्ही भाड्याने देणाऱ्या मालकांना, त्या दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रींना आणि दिवाळीच्या सुट्टीत मुलाबाळांसह त्यांवर बसणाऱ्या पर्यटकांना ही कळकळीची विनंती आहे. नागाव असो, काशीद असो की घाटमाथ्यावरचे ट्रॅक असोत, हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक गाडीची चारही चाकं एकदा उतरवून बघा. हब आणि रिम यांच्यामध्ये नुसती भोकं पाडलेली ॲल्युमिनियमची चकती दिसली, तर ती आजच काढा. या हंगामापुरती चालवू, असं म्हणू नका.

चकती, म्हणजे स्पेसर, का बसवतात हे कुणाला समजावून सांगायला नको. एटीव्ही मुळात उंच आणि अरुंद. जोरात वळवली की आतलं चाक उचलतं. चाकांमधलं अंतर ९० सेंटिमीटर आणि चालकासकट गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर धरला, तर निम्मं अंतर भागिले उंची, उत्तर येतं ०.७५. दोन्ही अंगांना पाच-पाच सेंटिमीटर वाढवले की तेच ०.८३ होतं. हा आकडा जितका मोठा, तितकी गाडी कलंडायला अवघड. तेव्हा गाडी रुंद करण्याला माझा अजिबात विरोध नाही. भांडण आहे ते रुंद करण्याच्या स्वस्त पद्धतीशी.

कंपनी स्टडची, म्हणजे हबमधून बाहेर आलेल्या आट्यांच्या दांडीची, लांबी ठरवते ती रिमची जाडी धरून. मध्ये आठ-दहा मिलिमीटरची चकती सरकवली की तेवढा स्टड चकतीतच संपतो आणि नटाला धरायला जेमतेम तीन-चार आटे उरतात. १० मिलिमीटरच्या स्टडवर नट निदान १० मिलिमीटर चढायला हवा. सव्वा मिलिमीटरच्या पिचला ते आठ आटे झाले. पान्ह्याला नट घट्ट लागतो, म्हणून मेस्त्रीला वाटतं काम झालं. पण चाकाचा भार नुसत्या स्टडवर नसतो. नटांनी आवळलेले दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांना घट्ट धरून ठेवतात, त्या पकडीवर चाक टिकतं. तीन-चार आट्यांवर ती पकड येत नाही, आणि जोर लावायला गेलात तर आटे जातात.

समुद्रावर याच्या जोडीला मीठ येतं. लोखंडी हब, ॲल्युमिनियमची चकती आणि मध्ये खारं पाणी, एवढं जुळून आलं की ॲल्युमिनियम झिजायला लागतं. चाक उतरवल्यावर चकतीवर जी पांढरी भुकटी दिसते, ती हीच झीज. त्या थरावर नट आवळले जातात. मग गाडी वाळूत हादरे खाते, थर दबतो, पकड सैल होते. नटाभोवती गंजाचे ओघळ, रिमची लांबट झालेली भोकं, वळताना चाकातून येणारा टकटक आवाज, यातलं एकही दिसलं किंवा ऐकू आलं तर ती गाडी त्याच क्षणी बाजूला उभी करा.

स्वतःचे स्टड असलेले, हबला बोल्ट होणारे स्पेसर यापेक्षा खूप बरे. स्वतःच्या शेतावर, समुद्रापासून लांब एटीव्ही वापरणाऱ्यांनी ते खुशाल लावावेत. मात्र ते मशीनवर नीट कातलेले, हबवर मधोमध बसणारे असावेत, टॉर्क रेंचने आवळावेत आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासावेत. भोकांचं मापही जुळायला हवं: पोलारिसच्या बऱ्याच गाड्यांना ४/१५६ लागतं, इतर अनेकांना ४/११०. कानस मारून भोक ओढू नका. भाड्याच्या गाडीवर मात्र हेही नकोत. कारण आतले नट चाक उतरवल्याशिवाय दिसतच नाहीत, आणि दिवसभर फेऱ्या मारणाऱ्या गाडीचं चाक दर आठवड्याला कोण उतरवतो?

भाड्याच्या गाडीला रुंद ॲक्सलच घाला. पण त्याआधी गाडीखाली वाकून बघा. मागच्या एका चाकापासून दुसऱ्यापर्यंत सरळ एकच दांडा असेल, तरच हा उपाय चालतो. चेनवर चालणाऱ्या छोट्या गाड्या बहुतेक अशाच असतात. दोन्ही बाजूंना रबरी बूट घातलेले वेगवेगळे शाफ्ट दिसले, तर रुंदीसाठी लांब आर्म आणि लांब शाफ्ट लागतील. तो खर्च झेपत नसेल तर गाडी कंपनीने दिली तशीच ठेवा आणि वेग कमी करा. रुंद ॲक्सलनेही बेअरिंगवरचा ताण वाढतोच, हे लपवण्यात अर्थ नाही. चाक उचलून वर-खाली हलवा. खडखड वाटली तर आधी बेअरिंग बदला. नुसतं मागून रुंद केलं तर पुढचं चाक जिथून निघतं तिथे मागचं अडकतं, हे गाडी देताना गिऱ्हाइकाला सांगा. त्यावर उपाय म्हणून पुढे स्पेसर लावले तर प्रत्येक दगडाचा झटका हँडलमधून मनगटात येतो.

मेस्त्रींना हात जोडून एक सांगणं आहे. जुना ॲक्सल कापून, मध्ये तुकडा घालून वेल्डिंग करून द्या, असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. फिरणारा ॲक्सल प्रत्येक फेऱ्याला उलटसुलट वाकतो, आणि तडा पहिल्यांदा जातो तो वेल्डिंगच्या कडेला. नवा ॲक्सल महाग पडतो हे मान्य, पण इथे पर्याय नाही.

पर्यटकांनो, पैसे देण्याआधी चाकाकडे बघा. नटाबाहेर स्टडचे आटे दिसतात का ते पाहा. नट झाकलेले असतील किंवा आटे दिसत नसतील, तर स्पेसर आहे का, असं स्पष्ट विचारा. उत्तर मिळालं नाही तर बसू नका. लांब सीट दिसली म्हणून बाळाला पुढे आणि बायकोला मागे बसवू नका. एकट्या चालकासाठी बनवलेल्या गाडीची सीट त्याला अंग पुढे-मागे सरकवता यावं म्हणून लांब असते. माणसं वाढली की गुरुत्वमध्य वर चढतो आणि वाढवलेली रुंदी तिथेच खर्ची पडते. मोठ्या एटीव्हीवर १६ वर्षांखालच्या मुलाला चालवायला देऊ नका; ही सूचना गाडीवरच्या पट्टीवर कंपनीनेच छापलेली असते.

मालकांनो, चकती काढल्यावर हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने लख्ख करा, गोड्या पाण्याने धुऊन वाळवा. आटे खराब झालेले स्टड बदला. रिमच्या भोकाला उतार असेल तर उताराचेच नट लावा, समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, आणि पहिल्या दिवसाच्या फेऱ्या संपल्या की त्याच संध्याकाळी टॉर्क रेंच पुन्हा एकदा फिरवा.