कोरड्या बोअरचीही नोंद हवी

गावात कोणी बोअर घ्यायचे ठरवले की आधी पाणाड्याला बोलावणे जाते. तळहातावर नारळ आडवा धरून तो शेत पालथे घालतो. नारळ उभा राहिला की तेथे खूण! जुने पाणाडी ओढ्याचा काठ आणि झाडोरा पाहून जागा दाखवतात. यश येते ते त्या नजरेला, नारळाला नव्हे. बोअरमधून नुसती धूळ उडाली, तर दोष नशिबाला जातो. कर्ज मात्र शेतकऱ्याच्या डोक्यावर राहते.

जमिनीखालचा अंदाज घेण्याची शास्त्रीय रीत आहे. फ्रान्सच्या कॉन्राड श्लुम्बर्जर यांनी 1912 मध्ये तिचे प्रयोग केले. एका ओळीत चार सळया ठोकायच्या, बाहेरच्या दोहोंतून वीजप्रवाह सोडायचा आणि आतल्या दोहोंमधील विभवांतर मोजायचे. बाहेरच्या सळया दूर नेल्या की प्रवाह अधिक खोल शिरतो. वर्गातला ओहमचा नियम येथे शेतात राबतो!

महाराष्ट्राचा बराच भाग लाव्हाच्या थरांवर थर साचून बनला आहे. त्यांतील अखंड काळा पाषाण विजेला सहजासहजी वाट देत नाही. झिजलेल्या, भेगाळलेल्या खडकात पाणी असेल, तर प्रवाह सुखाने जातो.

परंतु यंत्राला पाणी दिसत नाही, रोधकता दिसते. ओल्या चिकणमातीची रोधकताही कमीच असते, आणि तिच्यातून पाणी सुटत नाही. म्हणून आकड्यांचा अर्थ लावताना जवळच्या बोअरचा ताळा घ्यावा लागतो. मुरूम किती फुटांपर्यंत होता? मांजऱ्या खडक कोठे लागला? ओल कोठे आली? नेमकी हीच माहिती आपण फेकून देतो. बोअरची गाडी निघून गेली की खडकाचा चुरा पहिल्या पावसात वाहून जातो, आणि शेजारी पुन्हा तशाच खडकात पैसे घालतो.

माझ्या मते प्रत्येक ग्रामपंचायतीत बोअरची वही असलीच पाहिजे, आणि तीत कोरड्या बोअर आधी लिहाव्यात. पंचायत ठेवत नसेल, तर शाळेने ठेवावी. गाडी आली की गाडीवाल्याला सांगून दर दहा फुटांचा चुरा वेगळ्या पिशवीत घ्या आणि पिशवीवर खोली लिहा. यंत्राजवळ मात्र जाऊ नका. शेवटच्या रकान्यात कोरड्या बोअरचे तोंड पक्के बंद केले का, तेही लिहा; उघड्या बोअरमध्ये मुले पडतात.