पेण किती लांब आहे?

वेंगुर्ल्याहून सकाळची एसटी पकडली तर ओरोसला, जिल्ह्याच्या मुख्यालयात, काम उरकून संध्याकाळी घरी परतता येतं. दाखला असो, सातबारा असो की तक्रार असो, आपली धाव तिथवर. पण याच जिल्ह्यातल्या कातकरी माणसाचं काम आदिवासी विकास विभागाकडे निघालं, तर त्याच्या प्रकल्प कार्यालयाचा पत्ता आहे पेण, जिल्हा रायगड. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांना मिळून हे एक कार्यालय. मध्ये अख्खा रत्नागिरी जिल्हा आणि चारशे किलोमीटरहून जास्त अंतर. जाण्यायेण्यात दोन-तीन दिवसांची मजुरी बुडणार, वर गाडीभाडं. तिथे पोचल्यावर साहेब दौऱ्यावर असले, तर पुन्हा कधी येणार?

मित्रांनो, कुठलं मंत्रालय कुणाची किती सेवा करतं हे त्याच्या जाहिरातीवरून मोजू नका. त्याचं दार कुठे उघडतं ते बघा.

कातकरी म्हणजे मूळचे काथोडी, खैराच्या लाकडातून काथ काढणारे. इंग्रजांनी जंगलं राखीव केली, खैरावर सरकारचा हक्क बसला आणि काथाचा धंदा हातातून गेला. पुढे कोळशाच्या भट्ट्या आल्या, वीटभट्ट्या आल्या, दुसऱ्यांच्या बागा आल्या. आपल्या जिल्ह्यात त्यांना वानरमारे म्हणूनही ओळखतात. महाराष्ट्रात तीन जमाती केंद्र सरकारच्या यादीत ‘विशेष असुरक्षित’ म्हणून नोंदल्या आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. देशभरात अशा 75 जमाती आहेत. सरकारच्या स्वतःच्या कसोटीनुसार हे आदिवासींमधलेही सगळ्यांत मागे राहिलेले लोक.

आता सरकारची बाजूही ऐकू या. 1999 साली केंद्रात स्वतंत्र जनजातीय कार्य मंत्रालय झालं. महाराष्ट्रात सुकथनकर समितीनंतर, 1993-94 पासून, राज्याच्या योजनेतला 9 टक्के वाटा आदिवासींसाठी बाजूला काढण्याची पद्धत आली आणि इतर राज्यांनी तिचा कित्ता गिरवला. 15 नोव्हेंबर 2023 रोजी, बिरसा मुंडांच्या जयंतीला, पंतप्रधान जनमन अभियान सुरू झालं. 24,104 कोटी रुपयांची तरतूद, नऊ मंत्रालयं आणि अकरा कामं: घर, रस्ता, पाणी, वीज, अंगणवाडी, वसतिगृह वगैरे. पक्क्या घरासाठी 2 लाख 39 हजार रुपये. हे सगळं खरं आहे आणि त्याचं स्वागतच करायला हवं.

पण घर बांधायचं कुठे? ज्या कातकरी कुटुंबाची झोपडी दुसऱ्याच्या बागेच्या कडेला, गावकीच्या जागेत किंवा वनखात्याच्या हद्दीत आहे, त्याच्या नावावर पायाखालची जमीन नाही. जमीन नाही म्हणून घर मंजूर होत नाही. मंजूर झालं तरी पाया खणायला जमीनमालकाची परवानगी लागते. आणि तो मालकच बहुतेक वेळा त्या कुटुंबाला काम आणि उचल देणारा असतो. जमिनीचा प्रश्न न सोडवता घराचा आकडा जाहीर करणं म्हणजे दाराशिवाय कुलूप वाटणं. दुसऱ्याच्या जमिनीवर राहणाऱ्या कुळांची, शेतमजुरांची आणि कारागिरांची घरं राखण्याची तरतूद 1948 च्या कूळकायद्यातच आहे. वनजमिनीसाठी 2006 चा वनहक्क कायदा आहे. कायदे आहेत. ते वस्तीवर नेऊन वापरणारा माणूस पेणहून येत नाही.

दुसरी अडचण कागदाची. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 ही तारीख पुढे केली जाते. त्या तारखेच्या आधी तुमचं कुटुंब इथलं होतं याचा पुरावा आणा. ज्यांचे आजोबा शाळेत गेले नाहीत, ज्यांच्या नावावर कधी गुंठाभर जमीन नव्हती, त्यांनी 1950 चा कागद आणायचा कुठून? शिवाय यादीत नावं आहेत काथोडी, कातकरी, ढोर काथोडी, सोन काथोडी. गाव ज्या नावानं हाक मारतं ते वानरमारे यादीत नाही. गावानं ठेवलेल्या नावाची शिक्षा माणसानं भोगायची. कागद नसेल तर घरी जाऊन चौकशी करा, रीतिरिवाज बघा, नातीगोती विचारा, ही वाट नियमांत आहे. पण त्यासाठी अधिकाऱ्याला खुर्ची सोडून वस्तीवर जावं लागतं.

एका दाखल्याच्या खिडकीवर मी हे पाहिलं आहे. माझ्यापुढे एक कातकरी बाई उभी होती, कडेवर पोर. खिडकीतून प्रश्न आला, “आजोबांचा शाळेचा दाखला?” ती हसली. तिला तो विनोद वाटला असावा. मग तिच्या लक्षात आलं की माणूस खरंच विचारतोय, आणि ती काही न बोलता बाजूला झाली. मी पुढे सरकलो आणि माझा कागद दिला. तेवढंच केलं. ते आजही टोचतं.

कुणी म्हणेल, सिंधुदुर्गची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत साडेआठ लाखांच्या आसपास, त्यात आदिवासी एक टक्क्याहूनही कमी. एवढ्यांसाठी वेगळं कार्यालय सरकारला कसं परवडेल? या युक्तिवादातच सगळा रोग आहे. ‘विशेष असुरक्षित’ हा वर्ग केलाच कशासाठी? संख्येच्या राजकारणात ज्यांचा आवाज ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. मग त्यांचं थोडं असणं हेच त्यांना दूर ठेवायचं कारण कसं होतं? आपला जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे पेसा कायद्याचं संरक्षणही इथे नाही. जिथे आदिवासी थोडे आणि विखुरलेले, तिथे सरकारनं जास्त चालायचं असतं. आपल्याकडे आदिवासीच जास्त चालतात.

आणि जिथे योजना पोचतात, तिथे काय होतं? 2004 ते 2009 या काळातल्या आदिवासी योजनांच्या गैरव्यवहाराची चौकशी न्यायमूर्ती गायकवाड समितीनं केली. 2017 मध्ये अहवाल आला आणि वस्तूवाटपातला घोटाळा सरकारी कागदावरच नोंदला गेला. वस्तू वाटणं सोपं असतं, त्यात खरेदी असते, ठेकेदार असतो. जमिनीचा हक्क देण्यात कुणाला काही मिळत नाही, म्हणून ते काम मागे पडतं. खैरात आणि हक्क यांतला फरक आपल्याला तरी समजावून सांगायची गरज नसावी.

इथे आपल्याविषयी बोललं पाहिजे. 2006 हे साल आठवा. त्या वर्षी अल्पसंख्याक मंत्रालय झालं, सच्चर समितीचा अहवाल आला आणि वर्ष सरता सरता वनहक्क कायदाही झाला. सच्चरचे आकडे आपल्याला तोंडपाठ आहेत. त्याच वर्षीच्या वनहक्क कायद्याचं नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलं आहे? आजोबांच्या कागदांची भीती काय असते हे गेल्या काही वर्षांत आपण घराघरांत अनुभवलं. जुनी पेटी उघडून खरेदीखतं, शाळेचे दाखले, जन्मनोंदी शोधल्या. कातकऱ्याकडे उघडायला पेटीच नाही. ज्यानं ती भीती चाखली, त्यानं शेजाऱ्याच्या तशाच दुःखाकडे पाठ फिरवली तर आपल्या मागण्यांत न्याय कमी आणि स्वार्थ जास्त आहे असं कुणी म्हटलं तर राग येऊ देऊ नये.

अजून कडू बोलतो. कोकणात आंब्या-काजूच्या बागा सगळ्या समाजांच्या आहेत, आपल्याही आहेत. राखणीला, काजू वेचायला, बेणणीला कातकरी कुटुंबं असतात. त्यांना उचल देऊन बांधून ठेवणं 1976 पासून गुन्हा आहे, मग मालक कुठल्याही धर्माचा असो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं काढलेल्या काजूला ‘वेंगुर्ला-4’, ‘वेंगुर्ला-7’ अशी नावं आहेत, नोंद आहे, देशभर ओळख आहे. त्या काजूच्या बिया वेचणाऱ्या हातांची नोंद कुठल्याच वहीत नाही. आपल्या बागेतल्या माणसाला रेशनकार्ड आहे का, मूल शाळेत आहे का, हे आधी घरात विचारा. मंत्रालयाला प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यानंतर येतो.

मग मागायचं काय? एक: ओरोसला आदिवासी विकास विभागाचा अधिकारी ठरलेल्या दिवशी बसलाच पाहिजे. दोन: दाखल्यांची शिबिरं वस्तीवर आणि पावसाळ्यात घ्या. कोकणातली पुष्कळ कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मार्चअखेरच्या घाईत घेतलेल्या शिबिराला रिकाम्या झोपड्या भेटतात. तीन: घराच्या यादीआधी जागेची यादी करा, आणि दोन्ही याद्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

आणि आपण काय करायचं? माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिता येणारी, ऑनलाइन फॉर्म भरता येणारी पोरं आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. महिन्यातला एक रविवार जवळच्या वस्तीवर द्या. नेते म्हणून नव्हे, लेखनिक म्हणून जा. ते सांगतील ते लिहा, त्यांच्याच सहीनं किंवा अंगठ्यानं पाठवा, पोच घ्या आणि ती त्यांच्याच हातात ठेवा.

त्या खिडकीवर मी पुढे सरकलो होतो. पुढच्या वेळी रांगेत तुम्ही असाल. सरकू नका. “ताई, थांबा,” एवढं म्हणा, आणि खिडकीतल्या माणसाला गृहचौकशीचा नियम विचारा. पेण त्या दिवशी थोडं तरी जवळ येईल.