टीव्ही बंद होता, पण बोलत होता



२२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतर जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांनी लोकवर्गणीतून टीव्ही, टॅब घेतले. घेताना नारळ फोडला, पण बंद पडल्यावर काय करायचं हे कुणी विचारलं नाही.

आमच्या वर्गातला अँड्रॉइड टीव्ही असाच अडकला. लोगो यायचा आणि पुढं काहीच नाही. दुकानदार म्हणाला, "सर, बोर्ड गेलं. नवीनच घ्या." वर्गणी देणाऱ्या पालकांना हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

शेवटी दुरुस्तीचं काम करणारा एक तरुण आला. त्यानं मागचं झाकण काढलं, बोर्डावरच्या पिनांना तीन वायरी जोडल्या आणि त्या लॅपटॉपला लावल्या. आधी नुसती अगम्य चिन्हं आली. त्यानं वेग ९६०० वरून १,१५,२०० केला आणि स्वच्छ ओळी उमटल्या. चिपचं नाव, रॅम किती, आणि शेवटी, साठवणीतून सॉफ्टवेअर वाचता येत नाही. बोर्ड चांगलं होतं. सॉफ्टवेअर परत भरलं आणि टीव्ही सुरू झाला.

हे कसं घडतं? बटण दाबल्यावर आधी बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम चालतो. वोल्फगांग डेंक यांनी जर्मनीत सुरू केलेला 'यू-बूट' हा त्यातला प्रसिद्ध, आणि त्याचा कोड कुणालाही वाचता येतो. त्यातला क्रम बघण्यासारखा आहे. आधी बोलण्याचा वेग, म्हणजे बॉड रेट ठरतो, मग सिरीयल पोर्टचा ड्रायव्हर सुरू होतो, मग कन्सोल. मुख्य रॅमची तयारी त्याच्या नंतर. कारण सरळ आहे. रॅमच बिघडली असेल तर ते सांगायला कुणीतरी आधी जागं पाहिजे ना!

ड्रायव्हर वेग ठरवतो तो साध्या भागाकाराने. जुन्या पीसीतल्या सिरीयल चिपला सेकंदाला १८,४३,२०० ठोके मिळायचे. त्याला १६ ने भागा, १,१५,२०० येतात. ९६०० चा वेग हवा असेल तर त्याला आणखी १२ ने भागा. पाचवीच्या मुलांना मी हे फळ्यावर करायला दिलं. एका अक्षराला ८ बिट, सुरुवातीचा १ आणि शेवटचा १, म्हणजे १० बिट. मग सेकंदाला अक्षरं किती? "११,५२०!" पोरं ओरडली. या जोडणीत ठोक्यांसाठी वेगळी वायर नसते, म्हणून दोन्ही टोकांनी वेग आधीच ठरवावा लागतो. नाही जुळला तर कचरा दिसतो.

काही जण म्हणतील, प्राथमिकच्या लेकरांना हे कशाला? पण संगणक शिक्षण म्हणजे फक्त ॲप उघडणं नव्हे. २०१६ पासूनच्या अटल टिंकरिंग लॅब सहावी ते बारावीसाठी आहेत. त्यात आर्डुइनोवर मुलं हाच वेग स्वतः लिहितात. त्यामागचं गणित आपण आधी शिकवू शकतो. मात्र टीव्ही मुलांसमोर उघडू नका, आत घरगुती विजेचा सर्किट असतो.

माझं मत स्पष्ट आहे. लोकवर्गणीतून वस्तू घेताना विक्रेत्याकडून चार गोष्टी लेखी घ्या: सिरीयल पिना कुठे आहेत, वेग किती, व्होल्टेज ३.३ की ५, आणि सॉफ्टवेअरची फाईल कुठे मिळेल. काही उत्पादक हा कन्सोल मुका करून ठेवतात. गावाच्या पैशाची वस्तू मुकी कशाला असावी?

आमच्या टीव्हीच्या मागं आता एक चिठ्ठी चिकटवली आहे: '१,१५,२०० – ८ बिट – ३.३ व्होल्ट'. माझी बदली झाली तरी पुढच्या गुरुजींना ती उपयोगी पडेल. तुमच्या शाळेतल्या टीव्हीमागं काय लिहिलंय, एकदा बघा आणि जरूर कळवा.