दाताला माहेर आठवतं

ऑग्सबुर्गच्या दक्षिणेला लेश नदीच्या खोऱ्यात सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची दफनस्थळं सापडली आहेत. म्युनिक आणि मानहाइमच्या संशोधकांनी तिथल्या 84 जणांचे अवशेष तपासले, विशेषतः दात. 2017 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: पुरुष बहुतेक तिथलेच, बायका मात्र बहुतेक परगावच्या. काही बोहेमियाकडून किंवा मध्य जर्मनीतून आल्या असाव्यात.

हे दातावरून कसं कळतं? स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य खडकातून मातीत, मातीतून धान्यापाण्यात आणि तिथून आपल्या शरीरात उतरतं. त्याच्या दोन समस्थानिकांचं प्रमाण खडकागणिक बदलतं. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळात ते कमी, श्वार्त्सवाल्डच्या ग्रॅनाइटमध्ये जास्त. हाडं आयुष्यभर झिजतात, भरून येतात. दातावरचं कवच मात्र बालपणी एकदा घडलं की बदलत नाही. पहिल्या कायमच्या दाढेत जन्मानंतरची दोन-तीन वर्षं, अक्कलदाढेत शाळकरी वय.

या बायकांना पळवून आणलं असेल, अशी शंका मलाही आली. पण त्यांचं दफन गावातल्या इतरांसारखंच झालंय, काहींच्या कबरीत तर चांगले दागिने आहेत. 2019 मध्ये जनुकांवरून तिथल्या घराण्यांच्या वंशावळी जुळवल्या, तेव्हा या परगावच्या बायकांची मुलं त्यांत कुठेच सापडली नाहीत. आणि घरात जन्मून तिथेच पुरलेली, वयात आलेली लेकही एकसुद्धा नाही. मुलगे पिढ्यान्‌पिढ्या तिथेच. लेकी कुठल्या तरी दूरच्या खोऱ्यात, सासरी. आपल्याकडच्या छापील कुलवृत्तांतांतही मुलींच्या पुढच्या पिढ्या बहुधा गळतात. इथे ज्या आल्या त्यांची नोंद निदान दातांनी ठेवली.

आमच्या पिढीच्या दातांवर मात्र कुणी फार विसंबू नये. बासमती हिमालयाच्या पायथ्याचा, टोमॅटो स्पेनचे, तूरडाळ सासूबाईंच्या बॅगेतून आलेली. स्ट्रॉन्शियमचा पत्ता लागायचा कसा? लेशच्या अभ्यासात ऑक्सिजनची समस्थानिकंही मोजली होती, ती मुख्यतः पिण्याच्या पाण्यातून येतात. श्टुटगार्टच्या नळाला बरंचसं पाणी बोडेनझेचं. तेव्हा आमच्या घरात फार तर एवढं निघेल: आई खडकवासल्याच्या पाण्यावर वाढलेली, लेक बोडेनझेच्या.