बेंचला किती मारतोस?

जिममधला हमखास प्रश्न! नवखे असाल तर उत्तर द्यायला लाजू नका, बॉस. कधीच बेंच प्रेस न केलेल्या बहुतेकांना स्वतःच्या वजनाइतका बार उचलत नाही. नियमित जिमवाल्यांनाही त्यासाठी बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षं लागतात. गासच्या वाडीत भाजीच्या टोपल्या वाहणारे काकाही पहिल्या दिवशी अडखळतील. म्हणजे ते कमजोर? छे! टोपली पाय-पाठ उचलतात, बार छाती, खांदे आणि दंड. शिवाय सराव लागतोच. साध्या पुश-अपमध्ये तुम्ही वजनाचा साधारण दोन-तृतीयांश भाग ढकलताच की! तेव्हा शेजारच्याच्या प्लेट्स मोजू नका. २० किलोच्या रिकाम्या बारने सुरुवात करा, डोक्याशी मित्राला उभं करा. स्पर्धा फक्त गेल्या महिन्यातल्या स्वतःशी!